मांजरीच्या लग्नातली दाढी

तुमच्या घरच्या लग्नात नारळ कोणाच्या हातात दिला आणि कोणाच्या पायाशी ठेवला, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? मानपान पाहिला असेल. कोणाला फेटा मिळाला, कोणाला टोपीवर भागवले, कोणते मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले, हे तुम्हाला आठवत असेल. मी मांडवामागच्या खोलीबद्दल विचारतो आहे. तिथे लग्नाच्या सकाळी नवऱ्या मुलाची दाढी होते. ती कोण करतो, आणि करून झाल्यावर त्याला काय मिळते?

हे मलाही माहीत नव्हते, आणि मला माहीत असायला हवे होते. मी पत्रकांवर वाढलो. वडील एका लहानशा चळवळीत होते, इतक्या लहान की तिचे सगळे कार्यकर्ते आमच्या पुढच्या खोलीत मावत. आई शाळेतून शिकवून आली की जेवणाच्या टेबलावर कागदाच्या चळती घेऊन बसायची. एक घडी, दुसरी घडी, मग नखाने दाब. मी अक्षरे गिरवली ती त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकलो ते छापलेल्या बाजूवर. 'जात' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो 'जाळा' या शब्दाच्या शेजारी. त्यामुळे जातीबद्दलचे सगळे आपल्याला पाठ आहे, असे मी पुढे बरीच वर्षे धरून चाललो होतो.

दाढीचा छंद मला लागला तोही तत्त्वापोटीच. चार वेळा वापरून कचऱ्यात टाकायच्या प्लास्टिकच्या रेझरांवर मी एक लेख लिहिला. लिहिल्यावर स्वतः तेच वापरणे शोभेना. मग बोहरी आळीत जाऊन जुन्या पद्धतीचे धातूचे रेझर आणले, ज्यात वरचे झाकण उघडून पाते बसवतात. ब्रश घेतला, वाटीत घोळवायचा साबण घेतला. पहिला महिना हनुवटी रक्ताळलेली. मग एका सकाळी हात बसला, आणि तत्त्व राहिले बाजूला, मला ते करायला आवडू लागले. गरम पाणी, फेस, पात्याचा बारीक खरखर आवाज. दिवसातून तेवढा वेळ मी कोणाशीही भांडत नसे.

असला छंद असणारे पुण्यात आणखीही आहेत, हे मोबाइलवरच्या एका गटामुळे कळले. गटात बोलणारे बरेच होते, प्रत्यक्ष भेटणारे चौघेच. एकजण बँकेत होता, कोथरूडला राहायचा. त्याला आम्ही बँकवाला म्हणायचो. दुसरा पुण्याच्या कडेच्या मांजरी गावचा. घरचा ऊस होता, त्यातल्या अर्ध्या उसाच्या जागी आता इमारती उभ्या होत्या आणि तो त्यांचे भाडेकरू सांभाळायचा. तो मांजरीवाला. तिसरा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा, वारज्याला भाड्याने राहायचा. तो टेस्टर. चौथा मी, तेव्हा छापखान्यात मुद्रिते तपासणारा.

दर रविवारी सकाळी आम्ही बँकवाल्याच्या सोसायटीच्या गच्चीवर जमायचो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चार आरसे टेकवायचे आणि ओळीने उभे राहून दाढ्या करायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडक्लार्क, पहिल्याच रविवारी वर आले. बराच वेळ पाहत राहिले.

"आपल्या घरी आरसे नाहीत का?" त्यांनी विचारले.

"आहेत ना काका," बँकवाला म्हणाला.

"मग भिंती नसतील." एवढे बोलून ते खाली गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

दाढीवर माणसे किती बोलू शकतात, हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. एक संपूर्ण हिवाळा आम्ही पाण्यावर घालवला. खडकवासल्याचे पाणी मऊ, त्यात फेस लोण्यासारखा येतो. मांजरीवाल्याकडे बोअरचे पाणी, त्यात साबण फाटतो. म्हणून तो रविवारी परतताना कोथरूडहून नगरपालिकेच्या काळातल्या जुन्या पितळी कळशीत पाणी भरून गाडीतून न्यायचा. "लोक धरण भरलं की बघायला जातात," टेस्टर म्हणायचा, "हा धरण घरी घेऊन जातो."

आणि दाढीवर बोलता बोलता बाकीचे निघायचे. बँकवाल्याच्या बदलीची भीती, मांजरीवाल्याच्या घरातली वाटणी, माझ्या वडिलांचे जाणे. समोर आरसा असला की शेजाऱ्याकडे न बघता बोलता येते. पुरुषांना ते सोपे जाते.

टेस्टरचा हात आमच्या सगळ्यांत हलका होता. तो पाते गालावर टेकवायचा की नुसते धरायचा, कळत नसे. त्याचे रक्त निघालेले मी पाहिलेच नाही. बँकवाल्याचे मात्र दर रविवारी निघायचे, आणि तो दर रविवारी म्हणायचा, "एकदा माझी करून दाखव ना रे." टेस्टर नाही म्हणायचा. "ज्याची त्यानं करावी. नाहीतर शिकणार कधी?" आम्हाला तो त्याचा बाणा वाटला. दुसऱ्याच्या चेहऱ्याला तो कधीच हात लावत नाही, हे आम्ही पाहिले आणि सोडून दिले.

मग मांजरीवाल्याचे लग्न ठरले. त्याने टेस्टरला गळ घातली की लग्नाच्या सकाळी माझी दाढी तूच करायची. टेस्टरने टाळले, हसण्यावारी नेले. मांजरीवाला सोडेना. "आयुष्यात एकदाच मागतोय. भाऊ म्हणून." शेवटी टेस्टर हो म्हणाला.

मला सकाळची सुट्टी नव्हती. मी पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. बँकवाल्याने मला बाजूला घेतले, डोळे पुसत, हसून हसून आलेले पाणी होते ते, आणि मोबाइल पुढे धरला. "हे बघ. तू काय मिस केलंस."

चित्रणात मागची खोली होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर मांजरीवाला, गळ्याभोवती टॉवेल, चेहरा गुळगुळीत. टेस्टर रेझर पुसत होता. तेवढ्यात मांजरीवाल्याची आत्या आत आली. काठापदराचे लुगडे, हातात सूप. सुपात गहू, गूळ, नारळ, घडी घातलेला टॉवेल आणि टोपी. तिने सूप टेस्टरच्या पायाशी जमिनीवर ठेवले.

"घ्या. मानाचं हाय," ती म्हणाली. "पुन्याचं हाय म्हनं तुमी. हात गोड हाय. दुकान कुटं हाय?"

आणि खोलीत हशा फुटला. दिसत नव्हते, पण दहा-पंधरा जण असावेत. कोणीतरी ओरडले, "आत्या, अगं इंजिनिअर हाय तो, न्हावी न्हाय." त्यावर पुन्हा हशा. मोबाइल हलायला लागला, कारण धरणारा बँकवालाही हसत होता. आत्या ओशाळून पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला काय ठावं बाई." खुर्चीवर मांजरीवाला पोट धरून हसत होता. टेस्टरही हसत होता. मग तो वाकला आणि त्याने ते सूप दोन्ही हातांनी उचलले. तिथे चित्रण संपले.

त्या रात्रीच बँकवाल्याने ते गटावर टाकले. खाली हसरे चेहरे. 'मानकरी' म्हणून त्याला कोणी कोणी आठवडाभर हाका मारल्या. मग एके दिवशी गटावर एक ओळ दिसली, की अमुक सदस्य बाहेर पडले. बँकवाला म्हणाला, कामात असेल. मांजरीवाला हनिमूनला होता. मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही. आपल्याकडे माणसे अशीच सुटतात, भांडून नाही.

वर्ष होत आले असेल. त्याचा एक ब्रश माझ्याकडे वाळत राहिला होता, तो मला एकदा कपाटात दिसला. मी त्याला तेवढेच लिहिले. उत्तर आले, "शनिवारी कर्वे पुतळ्यापाशी. संध्याकाळी."

तो आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. दाढी छातीपर्यंत नव्हती, पण भरघोस होती, अस्ताव्यस्त.

"दाढी वाढवलीस," मी म्हणालो.

"वाढवली नाही. वाढली. आपण काही केलं नाही की ती वाढतेच."

आम्ही एका अमृततुल्यात बसलो. पहिला चहा साबणांवर गेला. चंदनाचा साबण आता पूर्वीसारखा मिळत नाही, आयात पाती महाग झाली, मी नव्या ब्रशवर समाधानी आहे का. दोन माणसे एखाद्या खड्ड्याभोवती फिरावीत तसे आम्ही बोलत होतो. दुसऱ्या चहाला तो म्हणाला, कंपनीत माणसे कमी करताहेत. वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, दुकान आता दुसऱ्याला चालवायला दिले आहे.

"कसलं दुकान?" मी विचारले.

त्याने कप खाली ठेवला. "दोन वर्षं दर रविवारी शेजारी उभा होतास. कधी विचारलं नाहीस. आज विचारलंस."

मग त्याने सांगितले. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर त्याच्या वडिलांचे केशकर्तनालय. मागे घर. मुलाने या धंद्यात यायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. शाळेतून आला की त्याने मागच्या दाराने घरात शिरायचे. पुढून आला तर गिऱ्हाईक म्हणणार, बसवला का धाकट्याला कामाला. वस्तऱ्याला हात लावायचा नाही. फेस मात्र तो काढून द्यायचा, तेवढे चालायचे.

"का? फेस का चालायचा?"

"फेस वाटीत निघतो. त्यात कोणाच्या गालाला हात लागत नाही."

पुण्यात आल्यावर त्याने पहिल्या पगारात ब्रश घेतला. त्याला फेसाचा वास हवा होता, तो दुकानाचा वास होता. एकदा फोनवर त्याने वडिलांना आनंदाने सांगितले, की अण्णा, रविवारी आम्ही मित्र जमतो, गच्चीवर दाढ्या करतो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पगार कमी पडतोय का?"

आम्ही दोघेही हसलो. तो आधी थांबला.

"मग लग्नात का केलीस?" मी विचारले.

"मित्रानं मागितली. मला वाटलं, इथे मला ओळखणारं कोणी नाही. तर इथे ती नुसती दाढी आहे. जशी तुमच्यासाठी असते." त्याने कप बशीत फिरवला. "मांडवाच्या दाराशी एक म्हातारा बसला होता, पेटी घेऊन. मांजरीचा पिढीजात न्हावी. नवरदेवाची दाढी हा त्याचा मान. आपल्या मित्रानं त्याला सांगितलं होतं, आज तुमचं काम नाही, पुण्याहून माणूस आलाय. मी ते सूप उचललं आणि बाहेर जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो म्हणाला, तुम्ही कुठले? मी गाव सांगितलं. कोणाचे? तेही सांगितलं. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा."

मी म्हणालो, "त्या बाईला कोणीतरी सांगायला हवं होतं. पायाशी ठेवणं म्हणजे..."

"आत्यांना सोड. त्यांनी पाहिलं, एक माणूस दाढी चांगली करतोय. त्यांना माहीत असलेला मान त्यांनी दिला. जमिनीवर ठेवला, ते त्यांच्या गावचं वळण. त्या हसल्या नाहीत. तुम्ही लोक हसलात. मी न्हावी असणं हा तुम्हाला विनोद वाटला. इतका मोठा की पोट धरावं लागलं."

"मी नव्हतो तिथं."

"नव्हतास. म्हणून तर तुझ्याबरोबर चहा पितोय."

मी म्हणालो, मी हे सोडणार नाही. बँकवाल्याला आणि मांजरीवाल्याला गटावर सगळ्यांसमोर माफी मागायला लावीन. मी लिहीन. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत त्याने हात वर केला.

"पत्रक काढू नकोस. तुझ्या घरची पत्रकं तूच दाखवली होतीस मला, गच्चीवर, कौतुकानं. त्यातल्या एकाचा मथळा काय होता आठवतो? सत्ताधाऱ्यांची बिनपाण्याने हजामत."

मला आठवला. तो मथळा आमच्या घरात लाडका होता. वडिलांचे मित्र त्यावर टाळ्या द्यायचे.

"माझे अण्णा आयुष्यभर पाणी गरम करून लोकांच्या दाढ्या करत आले," तो म्हणाला. "तुम्हाला कोणाचा अपमान करायचा झाला की तुम्हाला त्यांचा धंदा आठवतो. तुम्ही तर आमच्या बाजूचे."

आई ते कागद नखाने दाबून दुमडायची, आणि त्या घडीच्या आत ते वाक्य असायचे. आमच्यापैकी एकालाही ते खटकले नव्हते. समतेचे कागद छापणाऱ्या घरात शिवी कुठून येते, तर गावातूनच येते, पाण्यासारखी, त्याच नळाने.

"मग तुला काय हवं आहे?" मी शेवटी विचारले.

"मला रविवार परत हवा आहे. मी घरी एकट्यानं करून बघितली, जमत नाही. आरशात बघितलं की तो हशा ऐकू येतो. मग ठेवून देतो." तो दाढीवरून हात फिरवत होता. "माफी नको. मी खुर्चीवर बसणार. मांजरीवाल्यानं माझी दाढी करायची. मी त्याची केली, आता त्यानं माझी करावी. नारळ मी आणीन."

"मी करू?" मी म्हणालो.

"तू नको. तुला जमेलच, तू त्यासाठीच वाढलास. मला त्यानं केलेली हवी आहे." उठताना तो म्हणाला, "त्यांना सांग मी कोण आहे ते. पण नीट सांग. कुजबुजू नकोस, आजार असल्यासारखं."

मी नीट सांगितले, बँकवाल्याच्या घरी, दोघांना समोर बसवून.

बँकवाला पहिल्यांदा चिडला. "अरे पण आम्हाला काय माहीत? आम्ही जात मानतच नाही. मला आजपर्यंत त्याचं आडनावसुद्धा नीट लक्षात नाही."

हे वाक्य मी पुण्यात इतक्यांकडून ऐकले आहे की त्याचा मला आता रागही येत नाही, थकवा येतो. जात न मानणाऱ्यांना ती मानायची गरजच पडलेली नसते. त्यांचा गडी, त्यांचा भटजी, त्यांची सून, सगळे आपोआप ठरलेल्या दाराने येतात. ज्याला लहानपणी मागच्या दाराने घरात शिरावे लागले, त्याने काय म्हणायचे, की मीही मानत नाही? मी हे त्याला तोंडावर म्हणालो. त्याची बायको आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

मांजरीवाला मात्र चिडला नाही. तो म्हणाला, "मी त्याला भाऊ मानतो यार. गावचा न्हावी दारात थांबवला मी त्याच्यासाठी."

"तेच तर तो सांगतोय," मी म्हणालो.

"आणि तो व्हिडिओ मी सासरी पण दाखवलाय." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. "दाढी करायची ना? करतो की. त्यात काय. कापलं तर बोलायचं नाही फक्त."

ठरलेल्या रविवारी टेस्टर वेळेवर आला. तो नारळ खरेच घेऊन आला होता. पिशवीतून काढून त्याने तो टाकीच्या कठड्यावर ठेवला. एक खुर्ची मधोमध ठेवली होती. तो बसला, स्वतःच टॉवेल गळ्याभोवती घेतला. मांजरीवाल्याने कात्रीने दाढी बारीक केली, मग फेस काढला, चांगला काढला. चेहऱ्यावर ब्रश फिरू लागला तेव्हा टेस्टरने डोळे मिटले. मला वाटले, झाले. इथून पुढे सोपे आहे.

बँकवाल्याने मोबाइल काढला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने तो खिशात घातला.

दुसऱ्याची दाढी करताना एका हातात रेझर असते आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणावी लागते. गाल ताणायचा, कान दुमडायचा, हनुवटी वर करायची, ओठावरचे काढताना नाकाचा शेंडा दोन बोटांत धरायचा. ज्याने दाढी करून घेतली आहे त्याला हे माहीत असते. मांजरीवाल्याचा उजवा हात गालावर आला. डावा मांडीशी लोंबत होता.

"गाल ताण," टेस्टर डोळे न उघडता म्हणाला.

मांजरीवाल्याने दोन बोटे लावली. पाते खाली ओढले. बोटे काढली. पुन्हा लावली. प्रत्येक वेळी तो बोटे टॉवेलला पुसत होता. फेस लागला म्हणून पुसत असेल. मला ते फेस पुसणे वाटले नाही, आणि वाटले असते तर बरे झाले असते. उजवा गाल झाला. डावा झाला, दोन जागी रक्त आले, टेस्टर हलला नाही. गळ्यापाशी हनुवटी वर करायची होती, ती टेस्टरने स्वतःच केली. मग ओठावरचे राहिले.

मांजरीवाला समोर आला. त्याने नाकाकडे हात नेला आणि तो हात हवेत थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो घाबरला होता, ते खरे. पण लग्नाच्या सकाळी त्याचे नाक टेस्टरने धरले असणार तेव्हा या दोघांपैकी कोणीच घाबरले नसणार.

"कापेल रे," तो म्हणाला.

"कापू दे."

"नाही, म्हणजे..." त्याने आमच्याकडे पाहिले. आमच्याकडून काही मिळाले नाही तेव्हा त्याने रेझर टेस्टरपुढे धरले, दांडा त्याच्याकडे करून, अगदी अदबीने. "एवढी तू करून घे ना. तुझा हात चांगला आहे."

माझ्या मते त्याला ते कौतुकच करायचे होते.

टेस्टरने डोळे उघडले. रेझर घेतले, उठून आरशासमोर गेला आणि ओठावरची दाढी काढली. तीन-चार ओढीत. हात तसाच हलका होता. मग तोंड धुतले, तुरटी फिरवली, कापले होते तिथे जरा दाबून धरली. वर्षभराने त्याचा चेहरा दिसला. गाल बसले होते.

"बरीचशी जमली," तो मांजरीवाल्याला म्हणाला. "मला वाटलं होतं त्याहून जास्त जमली."

मांजरीवाला रडायला लागला. टेस्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टॉवेलची घडी घातली, ती खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि जिना उतरून गेला. बँकवाला त्याच्यामागे गेला, फाटकापर्यंत. परत येऊन म्हणाला, "पुढच्या रविवारी ये म्हटलं. बघतो म्हणाला."

तो आलेला नाही. गटावरही नाही. मला अधूनमधून लिहितो. आता तो घरी एकटा दाढी करतो, पुन्हा जमायला लागली आहे म्हणतो. म्हणजे त्याला जे हवे होते त्यातले निम्मे मिळाले, दाढी मिळाली, रविवार नाही. हे लिहू का, म्हणून मी त्याला विचारले. "लिही," तो म्हणाला, "माझ्या गावाचं नाव गाळ. आणि पत्रकासारखं लिहू नकोस." दुसरे मला कितपत साधले, कोण जाणे.

मांजरीवाला परवा भेटला. त्याने विचारले, तो परत येईल का? मी म्हणालो, तू नाक धरशील का? तो म्हणाला, मी घरी उशीवर फुगा ठेवून, त्याला फेस लावून शिकतोय. मी त्याची थट्टा केली नाही. फुग्याला जात नसते, एवढेच म्हणालो.

सभेत हात वर करणे मला येते. घोषणेत आवाज लावणे येते. एका माणसाचे नाक दोन बोटांत धरून, श्वास रोखून, त्याला न दुखवता त्याच्या ओठावरचे केस काढणे, हे आमच्या एकाही पत्रकात लिहिलेले नव्हते. पटलेले डोक्यात असते आणि न पटलेले बोटांत राहते, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा दिसले.

तेव्हा एक मागणे आहे. सही नको, वर्गणी नको. येत्या सुट्टीच्या दिवशी, ज्याच्या घरी तुम्ही आजवर पाणीही प्यायला नाहीत, अशा एका ओळखीच्या माणसाला विचारा की मी तुमची दाढी करू का. तो नाही म्हणाला तर का नाही म्हणतो, ते ऐकून घ्या. हो म्हणाला तर पाणी गरम करा, त्याला खुर्ची द्या, तुम्ही उभे राहा. दोन्ही हात वापरा, आणि मध्येच बोटे पुसू नका.